रोजचं क्यूसी ‘पास’, मग एसयूव्हीचे आकडे जुळत का नाहीत?

प्रश्न एका जिल्ह्याच्या गावी पेट-सीटी सेंटरमध्ये काम करणाऱ्या टेक्नॉलॉजिस्टचा आहे. त्यातले तीन शब्द आधी: क्यूसी म्हणजे यंत्राची गुणवत्ता-तपासणी; फँटम म्हणजे त्यासाठी रुग्णाच्या जागी ठेवायचा किरणोत्सारी सिलिंडर, त्यालाच सोर्सही म्हणतात; आणि एसयूव्ही म्हणजे गाठीनं किरणोत्सारी औषध किती ओढलं ते सांगणारा आकडा. थोडक्यात असा: “रोज सकाळी आम्ही जर्मेनियम-६८ चा फँटम ठेवून क्यूसी करतो, मशीन ‘पास’ म्हणतं. तरीही आमच्याकडचा एसयूव्ही पुण्याच्या एका सेंटरपेक्षा बराच कमी आला आणि ऑन्कॉलॉजिस्टनी जाब विचारला. फँटम दीड वर्षाचा झालाय. नवीन मागवायला मॅनेजमेंट तयार नाही. फँटम जुना झाल्यामुळे हा फरक पडतोय का? आणि नवा आलाच तर जुन्याचं काय करायचं?”

आधी सरळ उत्तर देतो. फँटम जुना झाला म्हणून एसयूव्ही कमी येत नाही. नवा कोरा आणून ठेवलात तरी तो फरक जसाच्या तसा राहू शकतो. फँटम बदलायची कारणं वेगळी आहेत, त्यांच्याकडे नंतर येतो. तुमच्या मॅनेजमेंटला “एसयूव्ही चुकतोय म्हणून नवीन सोर्स घ्या” असं मात्र सांगू नका. उद्या नवीन सोर्स येऊनही आकडा तोच राहिला, तर पुढच्या वेळी तुमचं कोणी ऐकणार नाही.

एसयूव्ही म्हणजे भागाकार आहे. वर, अंशात, गाठीतल्या किरणोत्साराची दाटी, म्हणजे दर मिलिलीटरला किती किलोबेकरेल. हा आकडा स्कॅनर देतो. खाली, छेदात, रुग्णाला टोचलेला डोस भागिले वजन. डोसचा आकडा हॉट लॅबमधला (किरणोत्सारी औषध हाताळायच्या खोलीतला) डोस कॅलिब्रेटर देतो. म्हणजे एका उत्तरात दोन वेगळी यंत्रं, वजनकाटा आणि किमान दोन घड्याळं गुंतलेली आहेत. जर्मेनियमचा फँटम यातल्या फक्त स्कॅनरशी बोलतो. डोस कॅलिब्रेटरचं त्यानं तोंडही पाहिलेलं नसतं.

मग जर्मेनियमच का वापरतात? रुग्णाला टोचतो त्या फ्लोरीन-१८ चं अर्धायुष्य (निम्मा उरायला लागणारा वेळ) ११० मिनिटांचं. त्याचा फँटम रोज सकाळी नव्यानं भरावा लागेल, हात आणि वेळ दोन्ही जातील. जर्मेनियम-६८ चं अर्धायुष्य सुमारे २७१ दिवसांचं आहे. तो स्वतः पॉझिट्रॉन सोडत नाही. त्याच्यापासून गॅलियम-६८ तयार होतो, त्याचं अर्धायुष्य ६८ मिनिटांचं, आणि पॉझिट्रॉन येतात ते या गॅलियमकडून. सीलबंद फँटममध्ये दोघांचा समतोल बसलेला असतो, त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला गॅलियमच जर्मेनियमच्या संथ गतीनं कमी होत चाललाय असं दिसतं. पॉझिट्रॉन विरताना निघणारी ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या किरणांची जोडी स्कॅनरला मिळाली की त्याचं काम भागतं.

पण फ्लोरीन आणि गॅलियम अगदी सारखे नाहीत. फ्लोरीन-१८ च्या शंभर विघटनांत जवळजवळ ९७ वेळा पॉझिट्रॉन निघतो, गॅलियमच्या बाबतीत ८९ वेळा. सॉफ्टवेअरमध्ये फँटमच्या सोर्सचं नाव चुकून फ्लोरीन म्हणून नोंदलं गेलं, तर तिथेच आठ-साडेआठ टक्क्यांची चूक होते. गॅलियमच्या पॉझिट्रॉनची ऊर्जा जास्त, तो ऊतीत जरा लांब जाऊन विरतो, हेही खरं. वीस सेंटिमीटर व्यासाच्या एकसंध सिलिंडरमध्ये मात्र त्याचा फरक जाणवत नाही.

आता रोजच्या ‘पास’बद्दल. सकाळची तपासणी विचारते ती एकच गोष्ट: काल होतं तसंच आज आहे का? एकही डिटेक्टर ब्लॉक मेलेला नाही ना, ५११ चं शिखर जागेवर आहे ना, टायमिंग सरकलं नाही ना. किराणा दुकानदारानं रोज तेच एक किलोचं वजन काट्यावर ठेवून बघावं तसं हे आहे. काटा बिघडला की कळेल, पण ते वजनच नऊशे ग्रॅमचं असेल तर कधीच कळणार नाही. ‘स्थिर आहे’ आणि ‘बरोबर आहे’ यांत आपल्या धंद्यातला निम्मा गोंधळ साठलेला आहे.

आणि एक विनंती. हिरवी खूण दिसली की ओके दाबून पुढच्या कामाला लागू नका, सायनोग्राम (डिटेक्टरांच्या कच्च्या मोजणीचं चित्र) डोळ्यांनी बघा. मेलेला ब्लॉक तिरप्या काळ्या पट्ट्यासारखा दिसतो. पूर्ण न मेलेला, नुसता कमजोर झालेला ब्लॉक फिकट पट्ट्यासारखा दिसतो, आणि तो पुष्कळदा सॉफ्टवेअरच्या मर्यादेच्या आत राहून ‘पास’ होतो. तुमच्या सेंटरमध्ये रात्री वीज वाचवायला गँट्रीच्या (स्कॅनरच्या) खोलीचा एसी बंद करतात का, हेही पाहून घ्या. क्रिस्टलचा प्रकाश आणि फोटोमल्टिप्लायरचा गेन दोन्ही तापमानाबरोबर सरकतात. सकाळी एसी लावल्या लावल्या केलेलं क्यूसी आणि दुपारी एक वाजता झोपवलेला रुग्ण, दोघांना मशीन एकाच अवस्थेत भेटत नाही.

जुळणीच्या चुका कशा लपून बसतात त्याचं एक उदाहरण देतो. एका सेंटरमध्ये नव्या फँटमच्या प्रमाणपत्रावर संदर्भ तारीख ०३/०४ अशी छापलेली होती. प्रमाणपत्र अमेरिकी पद्धतीचं, म्हणजे ती तारीख ४ मार्च. नोंद करणाऱ्यानं आपल्या सवयीप्रमाणे ३ एप्रिल टाकली. तीस दिवसांचा फरक पडला. २७१ दिवसांच्या अर्धायुष्यात तीस दिवसांत सोर्स सुमारे साडेसात टक्के उतरतो. संगणकाला वाटलं सोर्स आहे त्यापेक्षा ताजा आहे, म्हणून त्यानं कॅलिब्रेशनचा गुणक तेवढा फुगवला आणि प्रत्येक रुग्णाचा एसयूव्ही आठ टक्के जास्त यायला लागला. रोजचं क्यूसी? रोज ‘पास’. कारण तुलना त्याच चुकीच्या तारखेवर उभ्या असलेल्या बेसलाइनशी होत होती. तेव्हा तुमच्या फँटमचं मूळ प्रमाणपत्र फाइलमधून काढा. तारीख, वेळ, मूळ ॲक्टिव्हिटी, एकक आणि सोर्सचा सीरियल नंबर यांपैकी प्रत्येक गोष्ट सिस्टीममधल्या नोंदीशी ताडून बघा. एकही पैसा न लागणारं हे काम मी सगळ्यात आधी करतो.

दुसरं फुकटचं काम घड्याळांचं. डोस कॅलिब्रेटरचं घड्याळ, स्कॅनर कन्सोलचं घड्याळ आणि इंजेक्शन रूमच्या भिंतीवरचं घड्याळ ही तिन्ही एकाच मिनिटावर हवीत. स्कॅनरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे असेल तर त्याला वाटतं की इंजेक्शननंतर आहे त्याहून जास्त वेळ गेला. मग छेदातला डोस तो जास्त उतरवतो, आणि एसयूव्ही सव्वातीन टक्क्यांनी वर जातो. दहा मिनिटांचा फरक असेल तर साडेसहा टक्के. रविवारी सर्व्हिस इंजिनीअर येऊन सिस्टीम रीस्टार्ट करून गेला, की सोमवारी घड्याळ बघायचंच, हा नियम करून टाका.

आता डोस कॅलिब्रेटर. दाबाखाली वायू भरलेला आयन चेंबर, त्यात खोल विहीर, त्यातून येणारा विद्युतप्रवाह, आणि तो कोणत्या गुणकानं बेकरेलमध्ये बदलायचा ते ठरवणारं बटण. एवढंच यंत्र. साधं असल्यामुळे त्याच्यावर आंधळा विश्वास बसतो. रोज सीझियम-१३७ चा सोर्स टाकून बघता ना? त्याचं अर्धायुष्य ३० वर्षांचं, म्हणजे वर्षाला जेमतेम सव्वादोन टक्के कमी होणार. आकडा ५ टक्क्यांच्या आत असला की रजिस्टरवर सही. पण तुलना कशाशी करता? मी पाहिलेल्या कितीतरी रजिस्टरांत कालच्या आकड्याशी केलेली असते. चेंबरमधला वायू हळूहळू गळत असेल तर आकडा रोज केसभर उतरतो, कालच्याशी तुलना रोज बरोबर येते आणि वर्षभरात यंत्र कुठल्या कुठे गेलेलं असतं. तुलना प्रमाणपत्रातल्या मूळ आकड्यावरून आजच्या तारखेपर्यंत काढलेल्या अपेक्षित आकड्याशीच करायची. एक आलेख काढून भिंतीवर लावा, उतार लगेच डोळ्यात भरतो.

सीझियम ६६२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचा आहे. फ्लोरीनच्या बटणावरचा गुणक बरोबर आहे की नाही, हे तो सांगत नाही. त्यासाठी राष्ट्रीय मानकापर्यंत पोचणारी साखळी लागते. आपल्याकडे किरणोत्साराच्या मोजमापाचं राष्ट्रीय मानक भाभा अणुसंशोधन केंद्रात, ट्रॉम्बेला सांभाळलं जातं, आणि देशभरातल्या न्यूक्लिअर मेडिसिन केंद्रांमध्ये आयोडीन-१३१ ची मोजमापं कितपत जुळतात याची पडताळणीही तिथल्या मंडळींनी केलेली आहे. तुमच्या डोस कॅलिब्रेटरच्या प्रमाणपत्रात ही साखळी कुठे दिसते का, ते बघा. दिसत नसेल तर विक्रेत्याला विचारा. विहिरीतलं प्लास्टिकचं अस्तर आणि सिरिंज लटकवायचा दांडा हे भागही मोजमापातच धरायचे. तुटलेल्या दांड्याऐवजी दोऱ्यानं सिरिंज सोडणारे लोक मी पाहिलेत. उंची बदलली की आकडा बदलतो.

आता गाभ्याची गोष्ट. अंश आणि छेद दोन वेगळ्या यंत्रांतून येतात, तर त्या दोघांना एकाच द्रावणावर आमनेसामने उभं करणं हाच एसयूव्हीवरचा खरा उपाय. याला क्रॉस कॅलिब्रेशन म्हणतात. जर्मेनियमचा फँटम तो करू शकत नाही, कारण तो डोस कॅलिब्रेटरच्या विहिरीत मावत नाही.

कृती सांगतो. वीस सेंटिमीटर व्यासाचा भरायचा सिलिंडर फँटम घ्या. रिकामा असताना वजन करा, पाणी भरून पुन्हा करा. फरकावरून आकारमान मिळतं, छापील आकड्यावर विसंबू नका. रुग्णाचा डोस काढता तशीच सिरिंज, तेच बटण, तोच डोस कॅलिब्रेटर. समजा १०:०५ ला सिरिंजमध्ये ६२ मेगाबेकरेल आले. ते फँटममध्ये सोडलेत, सिरिंज आतल्याच पाण्यानं दोन-तीनदा विसळलीत, आणि १०:१२ ला रिकामी सिरिंज मोजलीत तर १.२ उरले. ते १०:०५ ला नेऊन वजा केले की निव्वळ ६०.७ राहतात. फँटममध्ये हवेचा एक लहानसा बुडबुडा मुद्दाम ठेवा, म्हणजे उलटसुलट करताना पाणी नीट ढवळलं जाईल. ढवळून झाल्यावर तो बुडबुडा पाण्यानं भरून काढा. १०:४० ला स्कॅन सुरू केला तर ३५ मिनिटांत फ्लोरीन ८० टक्क्यांवर आलेला असतो, म्हणजे ४८.७ मेगाबेकरेल. आकारमान ६१५० मिलिलीटर निघालं असेल तर दाटी ७.९२ किलोबेकरेल प्रति मिलिलीटर यायला हवी. प्रतिमेत मधोमध मोठं वर्तुळ काढा, कडा टाळा, दोन्ही टोकांचे काप सोडून द्या आणि सरासरी घ्या. आली ७.४५. गुणोत्तर ०.९४. म्हणजे तुमच्याकडे प्रत्येक एसयूव्ही सहा टक्के कमी येतोय.

युरोपातल्या न्यूक्लिअर मेडिसिन संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत १० टक्क्यांपर्यंतचा फरक चालवून घेतला आहे. मला विचाराल तर ५ च्या पुढे गेलं की झोप लागू नये. दहा टक्के खाली आणि पुण्याचं सेंटर दहा टक्के वर, दोघंही नियमात, आणि रुग्णाच्या दोन रिपोर्टांत २० टक्क्यांचं अंतर.

गुणोत्तर चुकलं, तर दोषी कोण? इथे तुमचा जर्मेनियमचा फँटम साक्षीदार म्हणून उपयोगी पडतो. तो स्कॅन केल्यावर प्रमाणपत्रातली दाटी नीट मिळत असेल, आणि फ्लोरीनचा फँटम मात्र कमी दाखवत असेल, तर संशय डोस कॅलिब्रेटरवर. दोन्ही सारखेच कमी येत असतील तर स्कॅनरवर. साक्षीदाराचीही एक मर्यादा असते. हा फँटम घट्ट रेझिनचा असतो, पाण्याचा नव्हे. सीटीवरून क्षीणन (वाटेत किरण किती अडतात ते) काढण्याचं गणित मानवी ऊती आणि हाडांसाठी बसवलेलं आहे, प्लास्टिकसाठी नाही. म्हणून तुमच्या मशीनमध्ये या फँटमसाठी वेगळा ठरलेला प्रोटोकॉल असेल तर तोच वापरा. रुग्णाच्या प्रोटोकॉलवर स्कॅन करून आलेल्या आकड्यावर वाद घालू नका.

आणि या सगळ्यातली मजेची बाब अशी. डोस कॅलिब्रेटर सहा टक्के जास्त दाखवत असेल, पण स्कॅनरचा गुणक त्याच डोस कॅलिब्रेटरवरून क्रॉस कॅलिब्रेशन करून बसवलेला असेल, तर अंश आणि छेद दोन्ही सहा टक्के फुगतात आणि एसयूव्ही अचूक येतो. चूक चुकीला कापते. म्हणून डोस कॅलिब्रेटर चुकीचा चालू द्यायचा असं नाही, रुग्णाला जाणारा डोस तर चुकतोच. पण हॉट लॅबमध्ये दोन डोस कॅलिब्रेटर असतील आणि क्रॉस कॅलिब्रेशन एकावर, डोस काढणं दुसऱ्यावर, असं चालत असेल तर तुमचा फरक तिथेच सापडेल. मी क्रॉस कॅलिब्रेशन किमान तीन महिन्यांतून एकदा करतो, आणि नॉर्मलायझेशन (सगळ्या डिटेक्टरांची संवेदनशीलता एकसारखी जुळवणं) किंवा मोठी दुरुस्ती झाल्यावर लगेच.

पुण्याशी तुलना करताना आणखी काही गोष्टी बघाव्या लागतील, पण त्या फँटमच्या हद्दीबाहेरच्या आहेत. इंजेक्शननंतर साठ मिनिटांनी स्कॅन की नव्वद, रक्तातली साखर, डोस शिरेबाहेर गेला का, रीकन्स्ट्रक्शन (मोजणीतून प्रतिमा बांधायची पद्धत) कोणतं. पीएसएफ (स्कॅनरचा धूसरपणा भरून काढणारी दुरुस्ती) लावलेलं रीकन्स्ट्रक्शन लहान गाठीचा कमाल एसयूव्ही चांगलाच वर नेतं. आणि वजन. “किती किलो?” असं रुग्णाला विचारून लिहू नका, काट्यावर उभं करा. केमोनंतरच्या माणसाला आपलं मागच्या दिवाळीचं वजन आठवत असतं.

आता तुमचा दीड वर्षाचा फँटम. समजा नवा असताना ७४ मेगाबेकरेल, म्हणजे २ मिलिक्युरी होता. वर्षभरात २९ उरतात, दीड वर्षात १८, दोन वर्षांत ११. कॅलिब्रेशनच्या दृष्टीनं हे चालतं, कारण तारखेवरून उतार काढता येतो. अडचण मोजणीची होते. काउंट एक चतुर्थांश झाले की तेवढीच सांख्यिकी मिळवायला वेळ चौपट. रोजच्या तपासणीत ते निभावतं. नॉर्मलायझेशन मात्र, ज्यात एकेका डिटेक्टर जोडीला पुरेसे काउंट लागतात, तासन्‌तास रेंगाळतं. घाईत उरकलेलं नॉर्मलायझेशन पुढचे कित्येक महिने प्रत्येक प्रतिमेत गोंगाट मिसळत राहतं. शिवाय डिटेक्टरच्या लुटेशियमच्या क्रिस्टलमध्ये मुळातच थोडा लुटेशियम-१७६ असतो, तो स्वतःचे काउंट सतत देत असतो. सोर्स क्षीण झाला की त्या पार्श्वभूमीचा वाटा वाढतो. काही नव्या मशीन्समध्ये याच अंगभूत किरणोत्साराचा उपयोग करून रोजची तपासणी सोर्सशिवाय होते. तिथेही फ्लोरीनचं क्रॉस कॅलिब्रेशन चुकत नाही.

तेव्हा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये फँटमची किमान ॲक्टिव्हिटी दिलेली असेल ती बघा, तुमचा सोर्स ती कोणत्या महिन्यात ओलांडतो ते काढा, आणि मॅनेजमेंटकडे तो महिना आणि क्यूसीला रोज जाणारी जादा मिनिटं घेऊन जा. “जुना झालाय” या वाक्यावर खरेदी मंजूर होत नाही, “या मशीनवर रोज एक रुग्ण कमी होतोय” यावर होते. ऑर्डर वेळेत द्या. एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) परवानगी त्यांच्या ई-लोरा या ऑनलाइन प्रणालीवरून घ्यायची असते, वर आयात आणि कस्टम्स. सोर्स वाटेत असतानाही उतरत असतो.

जुन्याचं काय, तर तो तुमच्या मालकीची अडगळ नाही. तो एईआरबीच्या नोंदीतला सोर्स आहे. नवीन मागवतानाच “जुना परत घेऊ” असं पुरवठादाराकडून लेखी घ्या, ऑर्डरमध्ये ती अट हवीच. परत पाठवणं असो वा अधिकृत संस्थेकडे विल्हेवाट, दोन्हींसाठी आरएसओच्या (केंद्राच्या किरणोत्सार सुरक्षा अधिकाऱ्याच्या) मार्फत आधी परवानगी घ्यायची, आणि माल गेल्यावर पोच घेऊन इन्व्हेंटरीतून नाव काढायचं. दहा अर्धायुष्यं म्हणजे जवळजवळ साडेसात वर्षं. तेव्हा कुठे ७४ मेगाबेकरेलचे सत्तरेक किलोबेकरेल होतात. इतकी वर्षं तो कपाटात राहिला तर मधे दोन आरएसओ बदलतील आणि तो कसला डबा आहे हे कोणालाच ठाऊक नसेल. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात असंच झालं. विद्यापीठात वर्षानुवर्षं पडून असलेलं कोबाल्ट-६० चं उपकरण लिलावात भंगारात गेलं आणि एकाचा जीव गेला. तो सोर्स तुमच्या फँटमच्या कितीतरी पट ताकदवान होता, तुमच्या फँटमनं तसं होणार नाही. पण विसरण्याची पद्धत तीच.

जाता जाता एक. सात-आठ किलोंचा हा सिलिंडर छातीशी कवटाळून शिशाच्या पेटीपासून गँट्रीपर्यंत नेणारे पुष्कळ जण आहेत. नवा असताना उघड्या फँटमपासून एक मीटरवर ताशी दहा मायक्रोसिव्हर्टच्या आसपास, छातीशी त्याच्या कितीतरी पट. रोज दोन फेऱ्या, वर्षभर. ट्रॉली ठेवा, आणि क्यूसी चालू असताना खोलीबाहेर थांबा.

ऑन्कॉलॉजिस्टना आत्ता एवढंच कळवा: दोन्ही सेंटरांची इंजेक्शन ते स्कॅनची वेळ आणि रीकन्स्ट्रक्शन मागवलं आहे, आपल्याकडे या आठवड्यात फ्लोरीनचं क्रॉस कॅलिब्रेशन होतंय, आणि तोवर या रुग्णाचा पुढचा स्कॅन पहिला जिथे झाला त्याच मशीनवर करावा.